नाडीचा आकडा

सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती आणि राजेश्वरी असवले लोणावळ्याजवळ तुंगार्लीत, परचुऱ्यांच्या बंगल्यात फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर व्यायामाची सायकल, तिचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, हातात मल्टिमीटर. सायकलीवर माधवराव परचुरे पायडल मारत होते. वय एकाहत्तर. दहा आठवड्यांपूर्वी त्यांची बायपास झाली होती.

"आता किती दाखवतंय, काका?" तिने खालूनच विचारलं.

"शहाऐंशी. ठणठणीत. मी हिला म्हटलं होतं, त्या बाईला टाकव्याहून उगीच पळवू नकोस."

"उगीच कसं?" शेजारच्या खुर्चीवरून इंदिराबाई म्हणाल्या. "काल दोनदा आकडा गेला. परवा एकदा. नुसत्या रेघा."

"मग आज का नाही जात?"

"तुमच्यासारखाच आहे. पाहुणे आले की शहाण्यासारखा वागतो."

माधवराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष हँडलवरच्या स्क्रीनकडे होतं. डॉक्टरांनी त्यांना दोन गोष्टी लिहून दिल्या होत्या: रोज वीस मिनिटं सायकल, आणि नाडी एकशे पाचच्या वर जाता कामा नये. नव्वदच्या आत राहिली तर सायकल एकेका लेव्हलने जड करायची परवानगी होती. माधवरावांनी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मीटर तपासण्यात घालवली होती. त्यांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखून भिंतीला चिकटवला होता. नऊ दिवसांचे नऊ ठिपके, सगळे नव्वदच्या खाली. लेव्हल दोनपासून आज सहावर आली होती. बुधवारी हा तक्ता डॉक्टरांना दाखवायचा, आणि रविवारी मुलाबरोबर लोहगड चढायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलगा, शौनक, शुक्रवारी परदेशातून येणार होता.

सायकल त्यानेच पाठवली होती. छातीला बांधायचा पट्टा नाडी मोजतो आणि आकडा बिनतारी स्क्रीनवर पाठवतो, अशा जातीची. नऊ दिवसांपूर्वी ती जोडून, सेटिंग करून देण्याचं काम राजेश्वरीने केलं होतं. म्हणून तक्रारही तिच्याकडेच आली होती. आकडा मधेच जातो, आणि जातो तो फक्त सकाळी, काका सायकलीवर असताना. त्यामुळे तपासायचं तर याच वेळी यायला हवं होतं.

निघायच्या आधी पहाटे सासूने, बयाबाईंनी, चुलीजवळून टोमणा मारला होता. "एका जाग्याव बसून पायडल मारायचं, आनि ती सायकल मोडली मंजी दुरुस्तीवाली बलवायची! आमी आंदर मावळातनं डोईवर भारं आनलं, आमाला कुनी मीटर लावला न्हाई."

"लावला असता तर तो जळला असता, आत्याबाई," राजेश्वरी म्हणाली होती आणि स्कूटरला किक मारली होती.

तिचं वय छत्तीस. बारावीनंतर टाकव्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागली. आठ वर्षं गाड्यांचे स्पीडोमीटर जुळवले. ती लाइन दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा हातात राहिलं ते एवढंच, की मीटर उघडायची भीती उरली नव्हती. जुन्या हायवेवर रविवारी पुण्याहून सायकलवाल्यांचे थवे येतात. कान्हे फाट्यावर चहाला थांबलेल्या एकाचा सायकल कॉम्प्युटर शून्यावर अडकला होता. तिने चाकाच्या तारेवरचं चुंबक बोटाने सरकवून सेन्सरसमोर आणलं. दोन नाणी मावतील एवढं अंतर ठेवलं. आकडा धावायला लागला. त्या माणसाने तिचा नंबर मागून घेतला आणि तिथून हा धंदा सुरू झाला.

तिची तपासायची रीत ठरलेली आहे. आधी सेल, मग चुंबक, मग अंतर, मग सेटिंग, आणि मशीनवर संशय सगळ्यात शेवटी. सेटिंगमध्ये माणसं हमखास घोळ घालतात. कुणाचा कॉम्प्युटर मैलात मोजत असतो, कुणी लहान चाकाचं माप मोठ्या चाकाला दिलेलं असतं. ती खडूने जमिनीवर रेघ मारते, सायकलवाल्याला वर बसवून चाकाचा एक पूर्ण फेरा घेते, टेपने मोजते आणि मिलिमीटरमध्ये तो आकडा भरते. पुस्तकातल्या कोष्टकावर विसंबत नाही. पावसाळा संपला की लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या सायकलींचे फोन येतात. चार महिन्यांच्या ओलीने सेलच्या खोबणीत हिरवट बुरशी धरलेली असते. ती घासायला तिच्या पिशवीत एक जुना टूथब्रश असतो.

आता मात्र फेब्रुवारी होता, हवा कोरडी होती आणि सगळं स्वच्छ होतं. पट्ट्यातला सेल भरलेला. स्क्रीनमागची वायर घट्ट. पायडलचा वेग बरोबर येत होता. माधवरावांनी सायकलीवर बसण्याआधी आत जाऊन पट्टा बांधला होता, त्याची रबरी टोकं ओली केली होती. बिघाड सापडत नव्हता, आणि मधूनच येणारा बिघाड हा तिच्या अनुभवात सगळ्यात वाईट. कायमचा बंद पडलेला मीटर निदान फसवत तरी नाही.

सात वाजून एक मिनिटाने फाटकाची घंटा वाजली. दूधवाला. इंदिराबाई उठून गेल्या.

स्क्रीनवर दोन रेघा आल्या.

"गेला," माधवराव म्हणाले, थोडेसे विजयानेच. "बघ आता. मी तसाच चालवतोय, काही बदललं नाही."

राजेश्वरी उठून उभी राहिली. सायकलीभोवती काय बदललं ते ती पाहू लागली. फाटकाला मोटर आहे का? नव्हती. स्वयंपाकघरात मिक्सर? बंद. राउटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोजच्या जागी. दीड मिनिटाने आकडा परत आला: सत्त्याण्णव. मग हळूहळू खाली उतरत त्र्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. तोवर इंदिराबाई दूध ठेवून खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

"घामामुळे संपर्क सुटत असेल," माधवराव म्हणाले.

"घामाने उलट संपर्क चांगला होतो, काका."

तिने त्यांच्याकडे आता पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतका वेळ ती मशीनकडे बघत होती. खोलीत गारठा होता, तिच्या अंगात स्वेटर होता, आणि माधवरावांच्या कानशिलावरून घाम गळत होता. ते तोंडाने श्वास घेत होते. वाक्य एका दमात पूर्ण होत नव्हतं. डावा पाय उजव्यापेक्षा जरा उशिरा खाली येत होता. आणि स्क्रीनवर सत्त्याऐंशी.

वेग बरोबर, सेल बरोबर, पट्टा बरोबर. पण समोरचा माणूस आणि समोरचा आकडा एकमेकांशी जुळत नव्हते.

"काका, त्रास होतोय का?"

"काही नाही. लेव्हल सहा आहे. थोडा दम लागणारच."

"रोज एवढा लागतो?"

"तू डॉक्टर आहेस की मेकॅनिक?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आकडा बघ ना. आकडा काय सांगतोय?"

इंदिराबाई खुर्चीतून उठल्या. "तुमची साडेसातची गोळी वरच राहिली. आणते." त्या जिना चढून गेल्या.

रेघा.

राजेश्वरीने घड्याळात पाहिलं. सात वाजून सहा. ती जागेवरूनच स्क्रीनकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावर पावलं वाजली, कपाट उघडलं, लागलं. पावलं जिन्यावर आली. इंदिराबाई शेवटच्या पायरीवर टेकल्या, एक हात कठड्यावर, जरा धापत. स्क्रीनवर आकडा आला: एकशे एक.

मग अठ्ठ्याण्णव. मग पंचाण्णव. इंदिराबाई बसल्या. एक्क्याण्णव.

"काकू," राजेश्वरी म्हणाली, "तुम्ही आत्ता पट्टा लावलाय का?"

"लावलाय की. यांचं झालं की मी बसते ना दहा मिनिटं. परत ब्लाउज सोडा, बांधा, कशाला ती कटकट? सकाळी अंघोळ झाली की लावूनच टाकते."

"कुठला पट्टा?"

"माझा. तू मला त्या दिवशी लावून दाखवलास तोच."

तो दिवस राजेश्वरीला आता लख्ख आठवला. तिने पट्टा हातात घेऊन माधवरावांना सांगितलं होतं की हा छातीला, कातडीला लागून बांधायचा. त्यांनी शर्टाचं वरचं बटण धरून ठेवलं होतं. छातीवर टाक्यांचा ताजा व्रण, समोर परकी बाई. "हिला दाखव. ती मला शिकवेल," म्हणून ते पेपर घेऊन व्हरांड्यात गेले होते. इंदिराबाईंनी आतल्या खोलीत पट्टा बांधला, स्क्रीनवर शहात्तर आलं, राजेश्वरीने 'सेव्ह' दाबलं. मशीनने तो पट्टा लक्षात ठेवला, आणि तेव्हापासून ते फक्त त्याचाच आकडा दाखवत होतं. खोक्यात दुसरा पट्टा होता, सीलबंद. तो कुणासाठी, हे तिने विचारलं नव्हतं.

"आणि काकांना कुठला दिला?"

"नवा. खोक्यातला. मी वापरलेला, घामाचा पट्टा त्यांना कसा देणार? त्यांचं ऑपरेशन झालेलं."

"काका, लेव्हल खाली आणा," राजेश्वरी म्हणाली.

"का?"

"आधी आणा, मग सांगते."

"सहा मिनिटं राहिलीत. नाडी एक्क्याण्णव. मर्यादा एकशे पाच. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"तो आकडा तुमचा नाही."

"काय?"

तिने वाद घातला नाही. पुढे होऊन हँडलखालचा नॉब स्वतःच फिरवला, सहावरून एकवर. पायडल एकदम हलकं झालं, माधवरावांचा तोल क्षणभर गेला. "पाय थांबवू नका. एकदम थांबायचं नाही. हळूहळू फिरवत राहा."

"अगं, हा काय प्रकार आहे?" त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या घरात येऊन..."

"अहो, ओरडू नका!" इंदिराबाई घाबरून उभ्या राहिल्या. स्क्रीनवर एकशे आठ.

"हे बघ!" माधवरावांनी स्क्रीनकडे बोट केलं. "तुझ्यामुळे चढला!"

"काकू घाबरल्या म्हणून चढला," राजेश्वरी म्हणाली. "काकू, फाटकापर्यंत जा. पळू नका, चालत जा. हाक मारेपर्यंत येऊ नका."

इंदिराबाई गेल्या. माधवराव हळूहळू पायडल फिरवत स्क्रीनकडे बघत राहिले. एकशे सहा. एकशे सहा. रेघा.

राजेश्वरीने त्यांचं मनगट धरलं होतं. कंपनीत प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं, तेवढंच तिचं ज्ञान. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत तिने पंधरा सेकंद मोजले. तेहतीस ठोके. मध्ये दोनदा नाडी अडखळली, जणू पायरी चुकावी तशी.

"एकशे बत्तीस," ती म्हणाली.

माधवरावांनी दोन बोटं स्वतःच्या गळ्याला लावली आणि त्याच घड्याळाकडे पाहत मोजलं. पूर्ण अर्धं मिनिट. ओठ हलत होते.

"एकशे अठ्ठावीस," ते म्हणाले. मग बोटं खाली घेत, "नाडी आवरायची गोळी चालू असताना."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मशीनला मी काकूंचा पट्टा जोडून दिला. दुसरा कुणाचा, ते विचारलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. नऊ ठिपके. दिवसागणिक त्यांनी सायकल जड करत नेली होती, आणि शेजारी खुर्चीत बसलेल्या बायकोचं काळीज स्वस्थ आहे हे बघून ते स्वतःला आणखी ताण देत होते. गेले तीन दिवस उतरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आकडा चांगला होता.

हे त्यांनी आता सांगितलं, आणि इंदिराबाईंनी ते दारातून ऐकलं. हाक मारेपर्यंत थांबायचं त्यांना जमलं नव्हतं.

डॉक्टरांचा फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला. राजेश्वरीने फोन घेऊन तीनच गोष्टी सांगितल्या: किती ठोके, किती वेळ, किती वेळा अडखळले. डॉक्टर म्हणाले, उतरवा, बसवा, पाणी घोटघोट द्या, आणि लगेच तळेगावला घेऊन या. गाडी स्वतः चालवू देऊ नका.

"गाडी मीच चालवते गेली वीस वर्षं," इंदिराबाई म्हणाल्या. किल्ली एकाच प्रयत्नात लागली.

माधवराव गाडीत बसता बसता थांबले. "तो तक्ता घ्या. डॉक्टरांना दाखवायला." मग लगेच, "नको. राहू दे. हिचा तक्ता आहे तो." सीटवर टेकून डोळे मिटत म्हणाले, "नऊ दिवस हिची तब्येत उत्तम होती."

"गप्प बसा," इंदिराबाई म्हणाल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

सात वाजून एकोणतीस मिनिटं.

राजेश्वरीने सायकलीचं झाकण त्या गोंधळातच बसवून टाकलं होतं. एक पट्टा इंदिराबाईंनी आत जाऊन काढून दिला, दुसरा माधवरावांनी तिच्यासमोरच शर्ट वर करून काढला. बटणाची आठवण कुणाला राहिली नव्हती. दोन्ही पट्ट्यांतले सेल तिने काढून ठेवले. आता बंगल्याला कुलूप होतं आणि ती बाहेर स्कूटरवर पिशवी ठेवून उभी होती.

रविवारी हायवेवर दोन सायकलवाले शेजारी शेजारी उभे राहून कॉम्प्युटर जोडायला लागले, की ती त्यांना ओरडते. लांब व्हा, एकेकट्याने करा, नाहीतर याचा वेग त्याच्या मीटरवर येईल. हे तिला पाठ होतं. रस्त्यावर पाठ होतं. घरात नवरा-बायको एकाच खोलीत पट्टे लावून बसतील, हे तिला सुचलं नव्हतं.

तिने वही काढली. दोन पट्ट्यांचा संच असलेल्या सायकली तिने दिवाळीपासून आणखी पाच घरांत जोडल्या होत्या. पाचही घरांत माणसं वयस्कर. तिने तिथेच उभ्याने फोन लावायला सुरुवात केली.

वलवणच्या घरात दुसरा पट्टा अजून खोक्यातच होता. तळेगावच्या दोन घरांत नवरा सकाळी, बायको संध्याकाळी बसायची, आणि दोघं पट्टा एकच वापरायची. कामशेतच्या शिक्षिकाबाईंनी तिला सगळं दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांची नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे असं हे नऊ महिने म्हणत होते ते..."

"नऊ महिने नाही, बाई. मी डिसेंबरात जोडली."

"तेच ते. दुसरा पट्टा आजपासून कपाटात."

पाचवं घर भाज्यातलं. मुंबईहून आलेलं निवृत्त जोडपं. साहेबांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला. त्यांचा फोन बंद होता. बाईसाहेबांचाही. तिने रखवालदाराला, महिपतीला, फोन लावला.

"सायब न्हाईत. म्हमईला गेल्यात लग्नाला," महिपती म्हणाला. "रातच्याला येत्यात."

"भाऊ, ते दोघं सायकल एकदमच करतात का?"

"सायब सायकल मारत्यात, बाईसाएब तितंच चटईव यवगा करत्यात. दोगंबी पट्टं लावत्यात. का वो?"

राजेश्वरीने डोळे मिटून घेतले. "भाऊ, एक काम करा. आत जाऊन त्यातला एक पट्टा उचलून ठेवा. कुठलाही."

"किल्ली सायबाकडं. आनि किल्ली आसती तरी मी सायबाच्या वस्तूला हात लावत न्हाई, बाई. उद्या काय इस्कटलं तर माज्याव यायचं."

"मग साहेब आले की सांगा, मला विचारल्याशिवाय सायकलीवर बसू नका म्हणावं."

"सांगतो. पन त्येंची गाडी कवा येती काय सांगता येत न्हाई, आनि मी नवाला झोपतो. तुमीच या सकाळच्याला. सायब सात म्हंजी सातला बसत्यात."

तिने साहेबांच्या फोनवर निरोप लिहून पाठवला. तो पोचल्याची खूण आली नाही. लग्नघरी फोन बंद ठेवतात की चार्जर विसरतात, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिने दर तासाला एकदा फोन लावला. प्रत्येक वेळी तीच टेप वाजली.

साडेबाराला तळेगावहून इंदिराबाईंचा फोन आला. ईसीजीत ठोके अनियमित दिसले होते. दोन दिवस ठेवून घेणार. सायकल पुन्हा कधी, ते तपासण्या झाल्यावर ठरवणार. रविवारचा लोहगड रद्द.

"तू विचारायला हवं होतंस गं," त्या म्हणाल्या. "दुसरा पट्टा कुणाचा म्हणून."

"हो, काकू."

"मीही सांगायला हवं होतं, म्हणा." पलीकडे दवाखान्यात ट्रॉलीची चाकं वाजली, कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. "ते म्हणतायत, सायकल पुन्हा जोडेल तेव्हा मी शर्ट काढून उभा राहीन, तिला सांग."

"सांगा, मी येईन."

संध्याकाळी सहा वाजता टाकव्यात तिचा नवरा, कैलास, पिकअप धुत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग आत्ता जा की भाज्याला. बस फाटकाशी."

"किती वाजता येणार माहीत नाही. रात्री दोनला आले तर दोनला त्यांना उठवून काय सांगू, पट्टा काढा?"

"सांग की."

"ते येऊन झोपणार. बसणार सातलाच. सातच्या आत पोचलं की झालं."

साडेनऊला तिने शेवटचा फोन लावला. बंद. तिने सेटिंगच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, जिथे तिची तपासायची क्रमवारी लिहिलेली आहे, सगळ्यात वर एक ओळ घातली: घरात पट्टे किती, आणि कुणाचे. मग गजर लावला.

टाकव्याहून भाजे स्कूटरने पाऊण तास. उद्या मंगळवार, भाज्यातली सायकल सात वाजता सुरू होते, आणि राजेश्वरी घरातून साडेपाचला निघणार आहे.